इंजिन बंद केल्यावर येणारे आवाज: तो कसा संपतो ते आधी ऐका

मे महिन्यातली दुपार होती. खालच्या मजल्यावरच्या काकू बाजारातून आल्या, गाडी लावली, किल्ली काढली आणि दोन मिनिटांनी जिन्यातूनच मला हाक मारली, "भाऊ, जरा खाली या ना. गाडी बंद केली तरी आतून टिकटिक येऊन राहिली. पेट-बिट तर नाही ना घेणार?"

खाली जाऊन बोनेटजवळ उभा राहिलो. टिक-टिक-टिक. मग टिक... टिक. मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटी एकच टिक. सायलेन्सर थंड होत होता. काकूंना तसं सांगितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

मला मात्र त्या वेळी माझीच जुनी गाडी आठवली. ती बंद केल्यावर बुडबुडायची आणि मी आठ दिवस ते ऐकूनही सोडून दिलं होतं. त्याची गोष्ट पुढे येईल. निरुपद्रवी आवाजाला लोक घाबरतात आणि खरोखर घाबरावं असा आवाज "गरमी आहे, होतंच" म्हणून सोडून देतात, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि २३ मे २०१३ ला तो ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात गाडी बंद केल्यानंतरची दहा मिनिटं तिच्यासाठी फार कसोटीची असतात.

ऐकायचं काय

इंजिन चालू असताना पट्टा, वॉल्व्ह, पंखा, इंजेक्टर असे कितीतरी आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. किल्ली फिरवली की ते सगळे गप्प होतात आणि बोलायला तीनच गोष्टी उरतात: थंड होणारा धातू, दाबाखाली असलेलं पाणी किंवा वायू, आणि विजेवर चालणारी एखादी मोटर किंवा रिले (विजेचा आपोआप चालणारा स्विच). आवाज कुठून येतो हे बोनेटखाली ओळखणं कठीण असतं, कारण आवाज पत्र्यावरून फिरतो. तो कसा संपतो हे मात्र कोणालाही कळतं.

धातूचा आवाज सुरुवातीला भरभर येतो आणि दोन टिकटिकींमधलं अंतर वाढत वाढत विरून जातो. विजेचा आवाज एका तालात चालतो आणि एकदम तुटतो; कधी तुटतच नाही. पाण्याचा आवाज किल्ली काढल्याबरोबर येत नाही, मिनिटा-दोन मिनिटांनी चढतो आणि मग ओसरतो. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं निदान झालं.

ऐकण्याची तयारी

गाडी आधी नीट तापू द्या. घरून निघून वर्धा रोडने खापरीपर्यंत जाऊन परत आलात तरी पुरे. साधारण वीस मिनिटं चाललेली गाडी हवी. उन्हाळ्यात आमच्याकडे दर खिडकीत कुलर घुरघुरत असतो, त्यामुळे सोसायटीच्या आवारात दुपारी काही ऐकू येणं अवघड. रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे, मोकळ्या सपाट जागेवर हे करा. तळमजल्याच्या बंद पार्किंगमध्ये नको, तिथे प्रत्येक आवाज घुमतो. वाळलेल्या गवतावर किंवा पानांच्या ढिगावर तापलेली गाडी कधीच लावू नका. खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) इतका तापलेला असतो की वाळकं गवत खरोखर पेट घेऊ शकतं. काकूंची भीती त्या अर्थाने अगदीच अनाठायी नव्हती.

गाणी, एसी, ब्लोअर, दिवे आधी बंद करा. बोनेटचा खटका आतून ओढून ठेवा. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि किल्ली फिरवताना मोठ्याने "बंद" म्हणा. हे फार उपयोगी पडतं, कारण नंतर ऐकताना आवाज कितव्या सेकंदाला सुरू झाला आणि कितव्याला थांबला हे मोजता येतं. पहिली दहा सेकंदं आतच बसून ऐका, मग उतरून समोर, मग मागे सायलेन्सरपाशी. एकूण पंधरा मिनिटं द्या.

दोन गोष्टी करायच्या नाहीत. रेडिएटरच्या पंख्याजवळ हात न्यायचा नाही, कारण किल्ली खिशात असली तरी तो आपोआप फिरू लागतो. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. चेहरा आणि छाती भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

टिकटिक

एक मीटर पोलादी नळी ३०० अंशांनी थंड झाली तर ती तीन-चार मिलिमीटर आखडते. सायलेन्सरची नळी, तिच्यावरचा उष्णतारोधक पत्रा, त्यांना धरणारे नट-बोल्ट हे सगळे वेगवेगळ्या वेगाने थंड होतात, एकमेकांवरून कणभर सरकतात आणि दर वेळी टिक वाजतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम पाळणाऱ्या, गाड्या आल्या. त्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा इंजिनाला अगदी चिकटून असतो, म्हणून ही टिकटिक समोरून, बोनेटखालूनच ऐकू येते. जुनी गाडी विकून नवी घेतलेल्यांना ती जास्त जाणवते ती याच कारणाने.

टिकटिक विरत गेली की चिंता सोडा. मात्र तीच गाडी सुरू असताना एखाद्या ठरावीक वेगाला खडखड वाजत असेल, किंवा सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टक-टक येऊन गरम झाल्यावर कमी होत असेल, तर उष्णतारोधक पत्र्याचा बोल्ट गळला आहे किंवा मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग फुंकतं आहे असं समजा. पत्रा सैल असेल तर मिस्त्री मोठी क्लिप लावून पाच मिनिटांत बसवतो. "पत्रा काढूनच टाकू का?" असं तो विचारेल. नाही म्हणा. तो पत्रा वरच्या वायरी, रबरी नळ्या आणि गाडीचा तळ वाचवायला बसवलेला असतो.

घाटातून किंवा गर्दीतून आल्यावर चाकांकडूनही अशीच टिकटिक येते. ती ब्रेकच्या डिस्कची. चारही चाकांकडून येत असेल तर ठीक. एकाच चाकाकडून येत असेल आणि त्या चाकाजवळ तळहात नेल्यावर इतरांपेक्षा जास्त धग लागत असेल, तर त्या चाकाचा कॅलिपर (डिस्क आवळणारा ब्रेकचा भाग) अडकला आहे. डिस्कला हात लावून पाहू नका.

बुडबुड: इथे थांबून नीट पाहा

गाडी बंद झाली की बहुतेक इंजिनांचा पाण्याचा पंपही थांबतो. पण इंजिनाच्या धातूत साठलेली उष्णता कुठे जाणार? ती स्थिर पाण्यात उतरते आणि पुढची काही मिनिटं पाण्याचं तापमान उलट चढतं. बाहेर ४५ अंश, खाली तापलेला सिमेंटचा रस्ता, वारा बंद. या काही मिनिटांत कूलिंगमध्ये कुठे कच्चा दुवा असेल तर तो बोलतो.

साधं पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमध्ये असतो. एवढ्या दाबाला साधं पाणीही साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही आणि अर्धं कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहूनही वर जातं. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग सैल पडली, की ही वीस अंशांची गादी निघून जाते. मग इंजिन बंद केल्यावर आत पाणी उकळतं आणि आपल्याला बुडबुड ऐकू येते.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. मे महिन्यात रामटेकहून परत आलो, गाडी लावली आणि डॅशबोर्डच्या मागून माठात पाणी ओतल्यासारखा आवाज आला. बोनेट उघडून पाहिलं, बाजूची प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरलेली. पाणी भरपूर आहे म्हणून निश्चिंत झालो. आठवड्याने अमरावती रोडवर कोंढाळीच्या पुढे तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. गाडी बाजूला घेतली, दीड तास थांबून झाकण उघडलं तर रेडिएटर अर्धा रिकामा, आणि बाटली तशीच भरलेली.

झाकणात दोन वॉल्व्ह असतात. एक गरम झाल्यावर जास्तीचं पाणी बाटलीत सोडतो, दुसरा थंड झाल्यावर ते परत ओढून घेतो. माझा दुसरा वॉल्व्ह अडकला होता. पाणी जात होतं, परत येत नव्हतं. त्याआधीच्या सर्व्हिसिंगला कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं गेलं होतं आणि झाकणाच्या रबरावर पांढरा थर धरला होता. नागपूरकरांना तो थर ओळखीचा आहे. कुलरच्या जाळीवर मे अखेरीला जो धरतो तोच. हेडचं (इंजिनाच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागाचं) पॅकिंग उडालं होतं, हेड काढून फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागलं. एका झाकणापायी आणि आठ दिवसांच्या दुर्लक्षापायी.

म्हणून बुडबुड ऐकू आली तर त्या दिवशी गाडी तशीच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, हे क्रमाने करा.

सुरुवात बाटलीपासून. पाणी खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये आहे का पाहा, त्या पातळीवर चिकटपट्टीची खूण करा आणि तारीख लिहा. पुढचे आठ दिवस रोज सकाळी पाहायचं आहे. मग रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडा. पाणी थेट गळ्यापर्यंत हवं. बाटली भरलेली आणि रेडिएटर खाली गेलेला असेल तर झाकणावर पहिला संशय घ्या. काही गाड्यांत वेगळं झाकण नसतं, बाटलीच दाबाखाली असते. तिथे बाटलीतली पातळीच खरी, पण झाकण बिघडण्याचा नियम तोच.

वरची जाड रबरी नळी बोटांनी दाबून पाहा. रात्रभर थंड झालेल्या गाडीत ती सहज दबली पाहिजे. सकाळीही ती टणक लागली तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरून दाब धरून बसलेला असण्याची शक्यता आहे. हे हेड गॅस्केटचं, म्हणजे हेडच्या पॅकिंगचं, लक्षण, आणि ते हलक्यात घेऊ नका. त्याच्या जोडीला हळूहळू कमी होणारं पाणी आणि बाहेर कुठेही ओल नसणं, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा धूर, डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ तेल, यांतलं काहीही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या. फक्त तेलाच्या झाकणाखाली थोडी पिवळसर साय दिसली आणि डिपस्टिक स्वच्छ असली तर घाबरू नका. थंडीत किंवा पावसाळ्यात रोज धरमपेठ ते सीताबर्डी एवढीच चालणाऱ्या गाडीत ओलाव्याने ती साय धरते.

पाण्याचा रंग पाहा. कूलंट हिरवं, गुलाबी, निळं काहीही असेल, पण स्वच्छ दिसायला हवं. मातकट तांबूस असेल तर आत गंज आहे. डाव्या पुढच्या सीटखालचा गालिचा हाताने चाचपून पाहा. तो ओला, चिकट आणि वास गोडसर असेल, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरची छोटी जाळी गळते आहे आणि तिच्यात शिरलेली हवाच डॅशबोर्डमागे खळखळते आहे. एसीच्या पाण्यानेही गालिचा ओला होतो, पण त्याला वास नसतो, रंग नसतो, चिकटपणा नसतो.

गॅरेजमध्ये दोन तपासण्या मागून घ्या. पहिली हातपंपाने दाब देण्याची. झाकणाच्या जागी पंप लावून झाकणावर लिहिलेला दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा हलतो का पाहायचं. झाकणही त्याच पंपावर वेगळं तपासता येतं. दुसरी, पेट्रोल गाडीत निळ्या द्रवाची. तो द्रव असलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालवतात, पाण्यात जळलेला वायू असेल तर निळा रंग पिवळा पडतो. या दोन्ही केल्याशिवाय "हेड उघडावं लागेल" असं कोणी म्हणालं तर गाडी उघडू देऊ नका.

झाकण बदलताना त्याच आकड्याचंच घ्या. जास्त आकड्याचं लावलं तर जुन्या नळ्या फुटतात. कूलंट भरताना त्यात नळाचं, बोअरचं पाणी नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी वापरा, किंवा आधीच मिसळलेलं कूलंट घ्या. भरल्यावर हवा काढणं हे निम्मं काम असतं आणि घाईत तेच राहतं. गाडीचं तोंड थोडं उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत इंजिन चालवतात. हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत थांबतात. कूलंट बदलल्यानंतर लगेच बुडबुड सुरू झाली असेल तर बहुतेक वेळा हवा राहिलेली असते. पुन्हा त्याच मिस्त्रीकडे न्या, त्याने ती पुन्हा काढून द्यायला हवी.

पंखा फिरत राहतो

गाडी बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा मिनिटभर, कधी तीन-चार मिनिटं फिरणं बऱ्याच गाड्यांत ठरवूनच दिलेलं असतं, काही गाड्यांत तो किल्लीबरोबर थांबतो. म्हणून आपल्या गाडीची सवय काय हे आधी माहीत हवं. हिवाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा घड्याळ लावून मोजून ठेवा.

शंका तेव्हा घ्या जेव्हा पंखा दहा मिनिटांहून जास्त चालतो, किंवा थंड गाडीतही फिरतो. पंख्याचा रिले चिकटला असेल किंवा तापमानाचा सेन्सर गेला असेल. सेन्सरवरून भलताच आकडा आला की काही गाड्यांचा कॉम्प्युटर खबरदारी म्हणून पंखा चालूच ठेवतो. हा पंखा दहा-वीस अँपिअर खातो, लहान गाडीची बॅटरी दोन-तीन तासांत बसू शकते. त्या रात्रीपुरतं फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा पाहून पंख्याचा रिले काढून ठेवा आणि सकाळी तो परत बसवायला विसरू नका. रिले काढून गाडी चालवलीत तर हेडचीच वाट लागेल.

डिझेल गाडीत एक वेगळं कारण असतं. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो ती काजळी अधूनमधून ६०० अंशांच्या आसपास जाळतो. त्याच वेळी तुम्ही गाडी बंद केली तर पंखा जोरात चालू राहतो, जळका वास येतो, टिकटिकही जास्त होते. एखाद्या वेळी झालं तर बिघाड नाही. वरचेवर होत असेल तर तुमची गाडी फक्त गावात फिरते आहे. आठवड्यातून एकदा तिला बुटीबोरीपर्यंत तरी एका वेगाने नेऊन आणा.

फुसफुस आणि छस्स

डॅशबोर्डमागून अर्धा-एक मिनिट येणारा मऊ फुसकारा बहुतेक वेळा एसीचा असतो. कॉम्प्रेसर थांबला की जास्त दाबाकडचा गॅस कमी दाबाकडे सरकतो. ओळखायला सोपं आहे: घरी पोहोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करा. आवाज आला नाही तर तो एसीचाच होता. एसी चालू असतानाही फुसफुस वाढली असेल आणि थंडावा कमी झाला असेल तर गॅस तपासून घ्या.

ब्रेकच्या पेडलपाशी फुस्स येत असेल तर गाडी बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ आणि नंतर पेडल कडक, असं हवं. पहिलाच दाब कडक असेल तर बूस्टर (ब्रेकला जोर देणारा भाग) किंवा त्याची नळी हवा धरत नाही. ब्रेकचा विषय आहे, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

छस्स म्हणजे तापलेल्या लोखंडावर काहीतरी पडलं. पावसाळ्यात डबक्यातून आलात तर ते साधं पाणी असतं. कोरड्या दिवशी, जळक्या तेलाचा वास आणि निळसर धूर असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग गळतं आहे. गोडसर वास आणि पांढरी वाफ असेल तर कूलंट. गाडीखाली रात्री जुना पुठ्ठा सरकवून ठेवा, सकाळी डागाचा रंग आणि जागा दोन्ही कळतात.

सीएनजी गाडीत किल्ली काढताच एक "खट्" येतो. गॅस अडवणारा वॉल्व्ह बंद झाल्याचा तो आवाज, तो यायलाच हवा. पण सिलिंडरमध्ये भरताना २०० बार दाब असतो, त्यामुळे खट् नंतरही डिकीकडून किंवा बोनेटखालून सूं असा आवाज आणि सोबत कुजका वास येत असेल तर इथे निदान करत बसू नका. सगळ्यांना उतरवा, दारं उघडी ठेवा, दिवा-पंखा-सेंट्रल लॉक काही दाबू नका, फोनही लांब जाऊन वापरा. हात पोहोचत असेल तर सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा वॉल्व्ह बंद करा. तो कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरतो हे आजच, शांतपणे पाहून ठेवा. दर तीन वर्षांची सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) झाली आहे का, तेही त्याच वेळी प्लेटवर तपासा.

बंद होतानाचा दणका

किल्ली फिरवताक्षणी धप्प असा एकच आवाज आणि गाडीला हिसका, हा बहुधा इंजिनाच्या फाउंडेशनचा, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांचा. रबर फाटलं की थांबताना झोका घेणारं इंजिन पत्र्यावर आदळतं. खात्री करायची तर हँडब्रेक ओढून, समोर कोणी उभं नसताना, बोनेट उघडं ठेवून एकाला किल्ली फिरवायला सांगा आणि बाजूला उभे राहून पाहा. इंजिन बोटभराहून जास्त उसळत असेल तर फाउंडेशन बदला. मोठ्या डिझेल गाड्यांत थांबताना खडखड येत असेल तर फ्लायव्हीलही (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) तपासावं लागतं.

इंजिन बंदच होत नाही

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत किल्ली काढल्यावरही इंजिन फटफट करत दोन-चार फेरे मारायचं. आत तापलेला कार्बन पेट्रोल पेटवतो म्हणून. अशी गाडी अजून कोणाकडे जपलेली असेल तर आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) कमी करणं आणि पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड (विजेवरचा वॉल्व्ह) तपासणं, एवढंच सांगतो.

आजच्या डिझेलमध्ये मात्र हे झालं आणि इंजिनाचा वेग आपोआप चढू लागला, तर टर्बोमधून (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या चाकातून) गळलेलं इंजिन ऑइलच जळतं आहे. गिअरची गाडी असेल तर ब्रेक गच्च दाबून, सगळ्यात वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडा, इंजिन घुसमटून थांबेल. ऑटोमॅटिक असेल तर माणसं लांब न्या. हवेच्या नळीवर हात कधीच ठेवू नका.

टर्बोचा सूर

बंद केल्यावर एक-दोन सेकंद बारीक शीळ येऊन विरली तर टर्बोचं चाक थांबतं आहे. शीळेत किरकिर किंवा घासल्यासारखा आवाज असेल तर बेअरिंग. काही टर्बो पेट्रोल गाड्यांत बंद केल्यावर छोटा विजेचा पंप काही मिनिटं गुणगुणतो, तो टर्बो थंड करतो, त्याला चालू द्या.

समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने तासभर चालवून थेट हॉटेलसमोर किल्ली काढू नका, मिनिटभर इंजिन चालू ठेवा. महामार्गाच्या नागपूरकडच्या टोकाला, शिवमडक्याला उतरून घरापर्यंत गावातून हळू आलात तर वेगळं थांबायची गरज नाही, तेवढ्यात टर्बो थंड झालेला असतो.

तालातला आवाज: वीज

किल्ली काढल्यावर पाच-दहा सेकंदांनी बोनेटखाली एक क्लिक येतो. कॉम्प्युटर आपलं आवरून मुख्य रिले सोडतो, त्याचा. थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची) बारीक गुरगुरही त्याच वेळची. हे नेहमीचंच.

डॅशबोर्डमागून एकसारखी टक-टक-टक, दर वेळी दहा-पंधरा सेकंद, ही एसीच्या झडपेच्या छोट्या मोटरची. तिच्या प्लास्टिक गिअरचा दात तुटलेला असतो. पैसे आले की बदला, गाडी अडत नाही. मागच्या सीटखालून गूं असा आवाज किल्ली काढल्यावरही चालू राहिला तर मात्र टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा रिले चिकटला आहे. ते त्याच दिवशी दुरुस्त करा.

इथे नागपूरकरांसाठी एक खास सूचना. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. त्यांतल्या अनेक धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. बुडलेल्या गाडीचे रिले आणि जोड वर्ष-दोन वर्षांनी हिरवे पडतात आणि मग अशा गाड्या बंद केल्यावर क्लिक-क्लिक, गूं, भलत्या वेळी पंखा असे आवाज काढू लागतात. जुनी गाडी घेताना ती दहा मिनिटं बंद करून विक्रेत्यासमोर शांत उभे राहा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून टोकाला गाळाची रेघ आहे का पाहा, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा, फ्यूज बॉक्स उघडून हिरवट बुरशी शोधा.

मिस्त्रीला काय सांगायचं

"गाडी आवाज करते" एवढं सांगितलं की मिस्त्री एक फेरी मारून आणतो, गाडी चालू असते, आवाज येत नाही, आणि तुम्ही परत येता. हे आवाज बंद गाडीचे आहेत, म्हणून तापलेली गाडी घेऊनच जा आणि त्याच्यासमोर बंद करा. कागदावर चारच गोष्टी लिहून न्या: बंद केल्यावर कितव्या सेकंदाला सुरू होतो, किती वेळ चालतो, विरतो की तुटतो की चढतो, आणि त्या दिवशी एसी, ऊन, रस्ता काय होतं. रेकॉर्डिंग ऐकवा. चिकटपट्टीवरच्या आठ दिवसांच्या खुणांचा फोटो दाखवा.

काकूंची टिकटिक सायलेन्सरची निघाली, पण खाली गेलोच होतो म्हणून त्यांची कूलंटची बाटलीही पाहिली. पातळी खालच्या रेघेच्या बोटभर खाली होती. संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर कूलंट रेघेपर्यंत भरलं, चिकटपट्टी लावली आणि त्यांनी स्वतः तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहिली.